नवा अल्बम फसला आहे, पण नेमका कुठे?

प्रश्न
ज्या डेथ मेटल (हेवी मेटलची अतिशय आक्रमक शैली) बँडच्या पहिल्या अल्बमने मला वर्षभर झपाटून टाकले होते, त्याचा नवा अल्बम सहा वेळा ऐकूनही एक रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) डोक्यात राहिलेला नाही. वादन पूर्वीपेक्षा सफाईदार आहे, ब्लास्ट बीटचा (ड्रम्सवरील सलग अतिवेगवान ठोक्यांचा) वेग वाढला आहे आणि गायकाचा ग्रोल (घशातून काढलेला गुरगुरता आवाज) आजही खर्जात घुमतो. तरीही शेवटी उरतो तो निव्वळ थकवा. दोष ध्वनिमुद्रणाचा की गाण्यांचाच? पहिल्या अल्बमच्या ओढीपायी मीच अन्याय करतो आहे, अशीही शंका येते.

प्रतिसाद १
मला पहिला संशय ड्रम्सचा येतो. बेस ड्रमला ट्रिगर (ठोका टिपून त्या जागी तयार आवाज वाजवणारे उपकरण) लावणे या शैलीत जुनेच आहे आणि त्यात गैरही काही नाही, कारण अतिवेगात पायाचा प्रत्येक ठोका माइकवर सुटा उमटत नाही. पण येथे स्नेअरचे (काठ्यांनी वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमचे) मूळ ठोकेही बदलून एकच नमुना सर्वत्र बसवल्यासारखे वाटते, आणि प्रत्येक ठोका मात्रेवर ओढून सरळ केल्यासारखा ऐकू येतो. तिसऱ्या गाण्यात संथ भाग संपून ब्लास्ट सुरू होतो ती जागा ऐका. हलका हात आणि पूर्ण ताकदीचा हात यांत तिळमात्र फरक नाही, जणू टंकलेखन यंत्र चालू आहे. एकदा दोन्ही अल्बम समान आवाजावर लावून पाहावेत.

प्रतिसाद २
सगळे खापर ध्वनिमुद्रणावर फोडणे मला पटत नाही. एन्टूम्ड या स्वीडिश बँडचा १९९० सालचा अल्बम ‘लेफ्ट हँड पाथ’ स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झाला; एचएम-२ या गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलमुळे त्यातील गिटार करवतीसारखी खरखरते, तरी प्रत्येक रिफ ओळखू येतो. बँडने वाट बदलली हाही गुन्हा नव्हे, कारण डेथ हा बँड १९८७ ते १९९१ या चार वर्षांत ‘स्क्रीम ब्लडी गोर’पासून ‘ह्युमन’पर्यंत गेला आणि त्याचे वजन वाढलेच. या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये ट्रेमोलोवर (एकच सूर झपाट्याने पुन्हापुन्हा छेडत) वाजलेला रिफ पुढे अर्ध्या वेगात परतत असे आणि मान आपोआप हलू लागे. आता रिफ चार आवर्तने वाजतो, थांबतो आणि त्याच्याशी सोयरसुतक नसलेला दुसरा सुरू होतो. हे गाणे नव्हे, सरावाची वही आहे.

प्रश्नकर्ता
आवाज जुळवण्यासाठी नवा अल्बम बराच खाली आणावा लागला, आणि तसे करताच त्याचा दणका ओसरून गिटार पातळ वाटू लागली. स्नेअरबद्दलचे म्हणणेही मान्य आहे. मात्र सातव्या गाण्याच्या मध्यावर बाकी सर्व वाद्ये थांबून बेस गिटार एकटीच वाजते आणि तिच्यामागून सुरुवातीचा रिफ रेंगाळत परततो. तेथे ड्रमरही क्षणभर मागे रेलल्यासारखा वाटतो. तेवढा तुकडा मी काल चार वेळा ऐकला. बाकीचा अल्बम पुन्हा लावला नाही.