तेल लागलं तरी विहीर बंदच! छोट्या कंपन्यांना सरकारनं हात द्यावा का नाही?

रिगवाला (दारव्हा)
मी दारव्ह्याकडचा, काम गुजरातमध्ये मेहसाणा साईडला वर्कओव्हर रिगवर (जुन्या विहिरी दुरुस्त करायचं यंत्र). गावी आलो की सारे म्हणतात तेल लागलं म्हणजे कंपनी मालामाल. तसं नसते भाऊ. आपल्या बोअरला पाणी लागते पण कनेक्शन वर्षानुवर्षं मिळत नाही ना, छोट्या तेल कंपनीचं तसंच होऊन राहिलं. 2016 ला केंद्रानं ओएनजीसी आन ऑइल इंडियाला सापडलेली पण लहान म्हणून पडून असलेली 67 फिल्ड (तेल-गॅसची क्षेत्रं) लिलावात काढली, अनुभव नसला तरी चालते, भाव ठरवायला कंपनी मोकळी, तेलावर सेस (जादा कर) नाही, 2017 ला करार झाले, तरी कितीतरी विहिरी अजून बंदच हायत. खोदणं एकवेळ होते, पण मग राज्य सरकारकडून तेल काढायचा लीज, पर्यावरण मंजुरी, रिगचं भाडं रोजच्या हिशेबानं, केसिंग (विहिरीतला लोखंडी पाईप), सिमेंटिंग (त्याच्याभोवती सिमेंट भरणं), परफोरेशन (तेल आत यावं म्हणून पाईपाला भोकं पाडणं), टेस्टिंग, तेल-पाणी-गॅस वेगळं करायचा सेपरेटर, टाक्या. तेल टँकरनं तरी नेता येते, गॅसचं काय? जवळ पाईपलाईन नसली तं विकणार कुठं? त्यात कच्चं तेल आन गॅस जीएसटीच्या बाहेर, म्हणजे रिगवाल्याला, सिमेंटवाल्याला दिलेला जीएसटी परत वळता होत नाही, सारा अंगावर. राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला फिल्ड 2004 ला सापडलं, तेल निघालं 2009 ला, आन ते तं मोठं फिल्ड, मोठी कंपनी. माझं म्हणणं एवढंच, तीन-चार छोट्या फिल्डमध्ये मिळून गॅस गोळा करायचं एक स्टेशन आन लाईन सरकारनं बांधावी, भाडं घ्यावं.

वणीचा कास्तकार
काहून द्यावा हात? आमच्याकडं कोळशात वावरं गेली, मातीचे ढिगारे अजून तसेच हायत, पावसाळ्यात सारा गाळ नाल्यात येते. मोठ्या कंपन्या असं करतात तं छोटी कंपनी बुडाल्यावर विहीर सिमेंटनं बुजवणार कोण, सरपंच? आसामात बाघजानले 27 मे 2020 ले ऑइल इंडियाची गॅसविहीर फुटली, 9 जूनले आग लागली, आग विझवणारे दोघं गेले, गावंच्या गावं उठवा लागली, विहीर बंद व्हाले नोव्हेंबर उजाडला. ते सरकारी कंपनी होती बाप्पा, पैसा होता, माणसं होती, तरी इतके महिने लागले. छोटीजवळ काय असते? आधी विहीर बुजवायचा पैसा सरकारजवळ जमा करा, मग खोदा.

रिगवाला (दारव्हा)
बाघजानचं मान्य, रिगवर आम्ही आजही त्याच्यावर बोलतो. पण सारा पैसा आधीच भरा म्हटलं तं ते विहीर चालूच होणार नाही. उत्पादन सुरू झाल्यावर दर महिन्याले कापा ना.

वणीचा कास्तकार
आन उत्पादन सुरूच नाही झालं तं? तूच वर लिहिलं ना, कितीतरी बंद हायत म्हून. मग त्या उघड्या भोकाचा पैसा कशातून कापता?

सुषमा, पुसद
मी बँकेत आहे म्हणून लिहिते. रिगवाले दादा, लाईन बांधली तरी कर्जाचं कोडं राहतेच. जमिनीखालचं तेल सरकारच्या मालकीचं, कंपनीला फक्त काढायचा हक्क. आम्ही गहाण काय ठेवून घ्यायचं? टेस्टिंगमध्ये चांगलं आलं, सहा महिन्यांनी प्रेशर पडलं, असं झालं की हप्ता थांबला. म्हणून अशा कंपन्या प्रमोटरच्या घरच्या पैशावर चालतात, आणि तेलाचा भाव पडला की आधी त्याच अडकतात. हे धोक्याचं काम आहे तर त्यातला काही धोका सरकारनं उचलावा, याच्याशी मी सहमत आहे. पण कास्तकार काकांचा शेवटचा प्रश्न मला टाळता येत नाही, त्याला उत्तर पाहिजेच.

भूगर्भवाला, चंद्रपूर
आपल्याकडं हा विषय मिथेनमुळं, म्हणजे कोळशातल्या गॅसमुळं, येऊ शकतो. पश्चिम विदर्भावर काळा पाषाण पसरला आहे, पण वर्धा खोऱ्यात कोळसा आहे. बंगालमध्ये राणीगंजला कोळशातला गॅस एक खाजगी कंपनी 2007 पासून विकून राहिली. पण त्यात आधी गॅस नाही येत, आधी पाणी येते. कोळशाच्या थरातलं पाणी महिनोन्‌महिने उपसा, प्रेशर उतरलं की गॅस सुटते. तोवर कमाई शून्य, खर्च चालू. आणि ते पाणी बऱ्याचदा खारट असते. शुद्ध करायला पैसा लागते, आणि पैसा संपला की पहिली काटछाट तिथंच होते.

वणीचा कास्तकार
पाहा, हेच म्हणून राहिलो मी! खारं पाणी नाल्यात सोडलं तं कापूस गेला, ढोरं कुठं पाजू? लाईनचंही सांगतो. 1962 च्या पाईपलाईन कायद्यात वावर आपल्याच नावावर राहते, पण त्या पट्ट्यात विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही, आन त्या हक्कापोटी भेटते जमिनीच्या भावाच्या 10 टक्के. अमेरिकेत ज्याचं वावर त्याले बऱ्याचदा तेलात वाटा भेटते. इथं रॉयल्टी राज्य सरकारले, आम्हाले पिकाची नुकसानभरपाई. गावचे लोक लाईन अडवतात अशी ओरड होते, पण काहून अडवतात ते पाहा ना.

रिगवाला (दारव्हा)
काका, रॉयल्टीतून गावाला अन् वावरवाल्याला हिस्सा भेटावा, याच्यावर मी तुमच्या बाजूनं सही करतो. गाव सोबत असलं तं छोट्या कंपनीचेच दोन-तीन वर्षं वाचतात. पण आधी पैसा भरा म्हणता ते नाही पटत, त्यानं फक्त मोठेच उरतील.

वणीचा कास्तकार
उरू दे मोठेच. बुजवलेली विहीर दाखवा, मग बोलू.