पाण्यातून हायड्रोजन: ऑक्साइडच्या काचा की सरळ सोलर पॅनेल?

शिरोलीकर:
पुतण्या विद्यापीठात पातळ थरांवर काम करतो. काचेवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लाल थर, काच पाण्यात, वरून ऊन, की निघाला हायड्रोजन. निघत असेल. पण आमच्या शेडवरचं पॅनेल 20 टक्के उन्हाची वीज करतं. विजेनं पाणी फोडणाऱ्या यंत्रानं, म्हणजे इलेक्ट्रोलायझरनं, त्यातला तिसरा हिस्सा खाल्ला तरी 13 टक्के हातात उरतात. फुजिशिमा-होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर पाणी फोडून दाखवलं 1972 ला. बाजारात काय आलं? पैसा इलेक्ट्रोलायझरवर घाला.

पातळ_थर:
काका, टायटॅनियम डायऑक्साइड फक्त अतिनील किरण खातो आणि उन्हात ते जेमतेम 4-5 टक्के. म्हणून तर लोक हेमॅटाइटकडे, म्हणजे तुम्ही म्हणता त्या लाल लोह ऑक्साइडकडे, वळले. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, 2.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणून दिसणारा प्रकाशही चालतो; उन्हातून हायड्रोजन करण्याची मजल कागदावर 15 टक्क्यांपर्यंत. आपला जांभा लाल दिसतो तोही अशाच लोह ऑक्साइडांमुळे, म्हणजे मालाची टंचाई नाही. खरी गोची वेगळीच आहे. प्रकाशानं इलेक्ट्रॉन सुटला की मागं राहणारी धन जागा, म्हणजे होल, पाण्यापर्यंत पोचायला हवा; तो 2-4 नॅनोमीटर जाऊन विरतो, आणि ऊन नीट शोषायला थर त्याच्या कितीतरी पट जाड लागतो. म्हणून उभ्या नॅनोकाड्या वाढवायच्या, टिन किंवा टायटॅनियमचं डोपिंग करायचं, म्हणजे ते किंचित मिसळायचं. हे केमिकल बाथमध्ये, म्हणजे रसायनाच्या द्रावणात काच बुडवून, किंवा गरम काचेवर स्प्रे मारूनही जमतं, निर्वात यंत्राचा खर्च नाही.

शिरोलीकर:
बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं, ते बरं गाळलंस!

पातळ_थर:
लागतं. हेमॅटाइटच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हायड्रोजन सोडायला कमी पडते. त्यावर उपाय म्हणून मागं सौर सेल जोडतात.

शिरोलीकर:
म्हणजे शेवटी पॅनेलच की रे!

रंकाळा_पूर्व:
वायर नसलेला प्रकारही आहे. जपानमध्ये 100 चौरस मीटरवर स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या ऑक्साइडचे पत्रे पसरले, 2021 ला निकाल छापला. कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के. वर हायड्रोजन-ऑक्सिजन मिसळूनच बाहेर येतात, ते पडद्यातून वेगळे करावे लागले. मी शिरोलीकरांच्या बाजूनं. शिवाय आपल्याकडं जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? इलेक्ट्रोलायझर निदान ग्रिडवर चालेल.

पातळ_थर:
ग्रिडमध्ये कोळशाची वीज असते, मग हरित कसला? आणि हंगामी धंदा कोल्हापूरला नवा आहे का? साखर कारखाने वर्षभर चालतात होय?

शिरोलीकर:
नाहीत, आणि त्यांची कर्जं कशी फिटतात तेही इचार जरा. हजार तास उन्हात टिकलेली काच आण, अर्धी शेड रिकामी करून देतो. तोवर पॅनेल हलत नाही.