निरोष्ठच्या खेळात शब्दकोश उघडू द्यावा का?

अर्धमात्रा
निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ न लावता. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं वर्ज्य, उरलेल्यांत अख्खा परिच्छेद लिहायचा. पहिल्याच वाक्यात फजिती होते. 'मी' नाही, 'पण' नाही, 'मग' नाही. आई आहे, बाबा नाहीत. सातारा आहे, पुणे-मुंबई नाही. खुद्द 'मराठी' बाद!

आमच्या गटात यावरून जुंपली. एका गड्याला गोष्टीत पाणी प्यायचं होतं, त्याने कोशातून 'तोय' काढलं. तोय! 'तहान भागवली'तही भ येतो, कबूल. मग 'तहान शांत केली' लिहा की. वाक्यही झालं असतं आणि डोकंही चाललं असतं. कोश समोर ठेवून खेळणं म्हणजे गाइड उघडून पेपर लिहिणं. माझं मत: कोश बंद. तुमचं?

खडूस मास्तर
साफ असहमत. संस्कृत लेखक दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली सगळी हकीकत निरोष्ठ सांगतो, कारण प्रियेने ओठ चावलेला असतो आणि तो दुखतोय. (सबब झकास आहे.) आपल्याकडे मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण रचलं. जरा विचार करा: रामायण, आणि राम म्हणायची सोय नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, मारुती नाही. भावांपैकी शत्रुघ्न तेवढा वाचला. पर्यायी शब्दांचा साठा नसलेला माणूस तिथे काय करणार? दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे सात खंड काय धूळ खायला छापले?

चहाटळ
मास्तर, पंतांची कसरत मान्य. पण त्या रामायणातली एक तरी ओळ कुणाच्या तोंडी आहे का? लोकांना आठवते ती 'केकावली'. 'सुसंगति सदा घडो' घ्या, आपसूक निरोष्ठ! पुढे 'कानी पडो'ला ओठ टेकले, तरी पंतांचं काही बिघडलं नाही.

हा माझा परिच्छेद, कोशाला हात न लावता:

"काल रात्री आजीच्या घरी गेलो. दारातच तिने विचारले, 'जेवलास का रे?' चुलीवर वरण रटरटत होते, शेजारी ठेचा, कांदा, दही. ताट ओढले, खाऊ लागलो. ठेचा लागताच डोळ्यांतून धारा. आजी हसली, ताकाचा गडू हाती दिला."

आधी तांब्या लिहिला होता. ब निघाला म्हणून गडू आठवला. कितीतरी वर्षांत हा शब्द वापरला नव्हता. भात, भाकरी, पोळी, आमटी सगळं गेलं, तरी जेवण झालं ना?

खडूस मास्तर
झालं, पण बाटलं. व दंत्योष्ठ्य आहे, वरचे दात खालच्या ओठाला लागतात. म्हणजे तुमचं वरण गेलं, चुलीवरचा 'वर' गेला, 'विचारले' गेलं. आणि जुन्या व्याकरणाप्रमाणे उ-ऊसुद्धा ओष्ठ्य. गडूही गेला.

चहाटळ
मग आजीने उपाशीच झोपवायचं का मला?

तिफण
माझं नावच बाद आहे, तरी बोलतो. दुर्मीळ कुठला शब्द आणि नेहमीचा कुठला, हे ठरवणार कोण? आमच्याकडे शेतीच्या शब्दांतले तिफण, पाभर, मोट, रुमणं गेलं, तरी वखर, जू, शिवळ, कासरा, चाडं शिल्लक राहतात. यातला एकही मी कोशातून आणलेला नाही. पण अर्धमात्रांच्या गटात 'चाडं' म्हटलं की तेही 'तोय'च्याच रांगेत उभं करतील. (चाडं म्हणजे पेरताना बी ज्यात सोडतात ती तिफणीवरची लाकडी वाटी.) कोश बंद करा म्हणणं सोपं आहे, कारण तुमचा कोश तुमच्या डोक्यात आहे.

मांडवीकाठ
+१. 'तोय'ला हसलात, 'उदक'लाही हसाल. गोव्यात कोकणी घरात रोज उदकच मागतात. आणि तुम्हीही हक्कावर उदक सोडताच की.

पारावरचा
हे सगळे पंडिती चोचले. पोटभर जेवलेल्यांचे खेळ.

तिफण
पारावर बसून हे म्हणता? कलगी-तुऱ्याचे, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबांचे, फड कुठे रंगत होते? एका बाजूने भेदिकात, म्हणजे कोड्याच्या गाण्यात, कूट घालायचं, दुसऱ्याने भर गर्दीत उकलायचं. ऐकायला कोण बसायचं, पंडित?

पारावरचा
तिथे समोरच्याला अडवायचं होतं, हरवायचं होतं. इथे स्वतःच स्वतःला अडवून घेता आणि टाळ्याही स्वतःच वाजवता. फरक आहे.

अर्धमात्रा
'चाडं' मला चालेल, 'उदक'ही चालेल. 'तोय' अजूनही चालणार नाही. तेव्हा नियम असा करू: कोश उघडा हवा तर, पण शब्द बैठकीतल्या निदान एका माणसाला तरी अर्थ न सांगता कळला पाहिजे. कुणालाच कळला नाही तर वाक्य परत लिहायचं. व चालेल. उ-ऊ चालेल. मास्तरांसाठी वेगळी स्पर्धा.

खडूस मास्तर
आमच्या बैठकीत चौघे संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. तोय चालतंय.