माळ्यावरचा जुना ड्रमसेट: सुटे भाग ओळखावेत कसे आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न (वेंगुर्ले)

सप्रेम नमस्कार. माझे आजोबा लग्नांत आणि नाताळच्या दिवसांत बँडमध्ये ड्रम वाजवीत असत. त्यांच्या पश्चात तीसेक वर्षे माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला त्यांचा सेट मी गेल्या महिन्यात खाली उतरवला. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), एक लहान टॉम (तारा नसलेला ड्रम), पायाने वाजवायचे पेडल आणि झांजेचा स्टँड एवढे भाग हाती आहेत. स्नेअरच्या बिल्ल्यावर ‘प्रीमियर’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे वाचता येतात, पेडलवर मात्र ‘डब्ल्यूएफएल’ अशी अक्षरे आहेत. टॉमसाठी मी पणजीहून १२ इंची प्लास्टिकचे पान (ज्यावर वाजवतात तो पडदा) आणले, पण ते त्याच्या कडेवरून खाली उतरतच नाही. स्नेअरवर १४ इंची पान मात्र व्यवस्थित बसले. बास ड्रमचे ताण देण्याचे चार स्क्रू बाकीच्यांहून वेगळे दिसतात. धातूवर खाऱ्या हवेमुळे सगळीकडे पुरळासारखे गंजाचे ठिपके उठले आहेत. हा सेट एकाच कंपनीचा आहे का, कोणते भाग मूळचे आहेत आणि साफसफाई कशाने करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. हा सेट पुन्हा वाजावा, अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर (रत्नागिरी)

आपण अजून काही घासलेले नाही, हे फार चांगले झाले. ओळख आधी आणि सफाई नंतर, हा क्रम कृपया मोडू नका, कारण बिल्ल्यावरची अक्षरे, धातूवरचे ठसे आणि मुलाम्याचा रंग हेच आपले पुरावे आहेत आणि जोरात घासल्यावर पहिल्यांदा तेच जातात.

प्रीमियर ही कंपनी १९२२ साली लंडनमध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात तिथला कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर ती लेस्टरकडे गेली. टॉमवर नवे पान बसत नाही, यात पान विकणाऱ्याचा दोष नाही आणि लाकूड फुगले आहे असेही लगेच समजू नका. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटिश टॉमचे खोड (ड्रमचे पोकळ अंग) आजच्या ठरीव मापापेक्षा किंचित मोठे असे. म्हणून पान न बसणे हीच आपल्या टॉमच्या वयाची एक खूण मानता येईल. तरीही खोडाचा व्यास तीन-चार दिशांनी मोजून पाहा. सगळीकडे सारखा आला तर खोड गोल आहे. फरक आला तर दमट हवेने ते वाकले आहे.

पेडल वेगळ्या घरचे आहे. विल्यम लुडविग यांनी आपल्या नावाची कंपनी विकली गेल्यावर १९३७ मध्ये शिकागोत नवी कंपनी काढली आणि तिला आपल्या आद्याक्षरांचे नाव दिले, तेच हे डब्ल्यूएफएल. १९५५ मध्ये लुडविग हे नाव त्यांना परत मिळाले. दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांच्या आत स्प्रिंगा दडवलेल्या असतील, तर ते त्यांचे ‘स्पीड किंग’ पेडल असण्याची दाट शक्यता आहे. त्या स्प्रिंगांचा ताण खांबांच्या तळाशी असलेल्या स्क्रूने बदलतो, म्हणून पेडल उलटे करून तिथे आधी हलके तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. सेट मिश्र आहे याचे वाईट वाटून घेऊ नका. वादक जे हाताला आणि पायाला बरे वाटे ते जमवत गेले, आणि आजोबांनी हे पेडल निवडूनच घेतले असेल.

आता त्या चार स्क्रूंविषयी. दिसण्यावर न जाता आटे मोजा. अमेरिकन ड्रमच्या ताण-स्क्रूला बहुतेक वेळा एका इंचात २४ आटे असतात, आणि त्या आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण चुकीचा स्क्रू दोन फेरे गोडीने जातो आणि तिसऱ्याला अडतो; तिथे जोर केला की स्क्रू ज्यात फिरतो ती आतली आट्यांची चाकी कायमची बाद होते. ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे आटे मोजायची पट्टी असते. आमच्याकडे मिरकरवाड्याच्या बाजूला मी हेच काम नेहमी करून घेतो.

उत्तर (मालवण)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळे धातूचे भाग एकदाच क्रोम करून घ्यावेत, असे मला वाटते. आमच्या बँडच्या झांजांचे स्टँड आम्ही तसेच करून घेतले आणि ते आजही नव्यासारखे दिसतात.

उत्तर (रत्नागिरी)

स्टँडपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. पण ड्रमच्या अंगावरच्या भागांना कृपया तसे करू नये. नवा मुलामा देण्याआधी जुना उतरवून धातू पॉलिश करावा लागतो आणि त्यात ठसे पुसट होतात, कडा गोल होतात. शिवाय स्क्रू ज्यांत बसतात ते ओतीव लग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांना आम्ल सोसत नाही. म्हणूनच आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लखलखीत करतात तो उपाय इथे चालणार नाही, व्हिनेगरही नको. आधी लोहचुंबक लावून पाहा: पोलाद चिकटेल, पितळ आणि जस्त चिकटणार नाही. पहिली धुलाई गोड्या पाण्याने करावी, कारण अंगावर मीठ राहिले तर वरून कितीही तेल लावले तरी गंज आतून वाढतो. लगेच कोरडे करून गंजाच्या ठिपक्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. छटा किंचित पिवळसर, उबदार असेल तर तो निकेलचा मुलामा. तो मऊ असतो, त्यावर बोळा न फिरवता फक्त मऊ फडके आणि तेल वापरावे.

टॉमवर मोत्यासारखे चकाकणारे आवरण असेल, तर एका कोपऱ्यावर अंगठा जोराने चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे. ते चटकन पेट घेते आणि ॲसिटोनने विरघळते, म्हणून नखांचा रंग काढायचे द्रव, दिवा आणि कडक ऊन, तिन्हींपासून त्याला दूर ठेवावे.

उत्तर (सावंतवाडी)

आमच्या घरी पखवाज आणि ढोल मढवण्याचे काम चालते, म्हणून टॉमच्या पानाबद्दल लिहितो. नवे पान बसावे म्हणून खोड तासण्याचा विचार मनातही आणू नये. प्लास्टिकची पाने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. त्याआधी या ड्रमवर कातडेच असे, आणि कातडे कोणत्याही मापाला बसवता येते. जुने गोल कडे शाबूत असेल तर पातळ, एकसारख्या जाडीचे बकऱ्याचे कातडे पाण्यात मऊ करून त्या कड्याभोवती आत दुमडून घ्यावे, ड्रमवर चढवून अगदी थोडा ताण द्यावा आणि सावलीत सावकाश वाळू द्यावे. पंख्याखाली वाळवलेले कातडे एका बाजूने ओढले जाते. आपल्या पावसाळ्यात ते सैल पडेल, तेव्हा वाजवण्यापुरते ताणावे आणि वाजवून झाल्यावर आठवणीने ढिले करावे; तसेच राहिले तर उघडीप पडताच कातडे आकसते आणि फाटते, किंवा खोडाला वाकवते. कडे मोडले असेल तर टॉमच्या बाहेरचा घेर दोऱ्याने मोजून कळवा.

प्रश्नकर्ता (वेंगुर्ले)

सर्वांचे मनापासून आभार. टॉमचा व्यास चारही दिशांनी सारखा आला आणि आवरणाला कापराचा स्पष्ट वास येतो. बास ड्रमचे स्क्रू बंदरावरच्या लेथवाल्याने तपासले: बाकीचे सगळे ५५ अंशांचे निघाले, ते चार ६० अंशांचे. त्यांतला एक स्क्रू मी परवा जोराने फिरवला होता आणि त्याच्या लगची चाकी खराब झाली आहे, याचे फार वाईट वाटते. मूळ स्क्रूच्या नमुन्यावरून चार नवे स्क्रू आणि एक चाकी पितळेत करून द्यायला तो तयार आहे. टॉमचे जुने कडे शाबूत आहे, ते घेऊन मी रविवारी सावंतवाडीला येतो.