भावाला सिझोफ्रेनिया आहे, मुंबई-ठाण्यात अ‍ॅडमिट कुठे करावं?

लालबागकर: मंडळी, मदत हवीय. धाकट्या भावाला बरीच वर्षं सिझोफ्रेनिया आहे. गोळ्या सोडल्यात, म्हणतो आई चहात काहीतरी कालवते. रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या, शेजाऱ्यांशी भांडणं. बाबा नाहीत, आईला आता झेपत नाही. प्रायव्हेटचा महिन्याचा आकडा ऐकून गप्पच झालो आणि ठाण्याच्या मेंटलचं नाव काढलं की आई रडायला लागते.

केसपेपर: लालबाग म्हणजे केईएम जवळच, सायकियाट्री ओपीडी आहे, वॉर्डपण आहे, फक्त बेड मिळेलच असं नाही. सायन, नायर, कूपर, जेजे पण आहेतच. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे जाऊन बोला, जुन्या चिठ्ठ्या आणि कुठल्या गोळीने काय त्रास झाला ते लिहून न्या. गोळ्या फेकतो म्हणालात तर लाँग अ‍ॅक्टिंग इंजेक्शनबद्दल नक्की विचारा, काही दोन-तीन आठवड्यांनी, काही महिन्याने एकदा, रोजची कटकट वाचते.

सायली_ठाणे: ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात अजून साखळदंडच आहेत हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड बंद, भूल न देता शॉक देणंही बंद. पेशंट नाही म्हणत असेल तर कलम ८९ खाली नातेवाईक अर्ज करू शकतात, पण एक सायकियाट्रिस्ट आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मेंटल हेल्थवाले वेगवेगळे तपासतात आणि अ‍ॅडमिशन जास्तीत जास्त ३० दिवस, पुढे ठेवायचं तर परत सगळी तपासणी. म्हणजे कायमचं नेऊन ठेवलं असं होत नाही, आईंना हेच सांगा.

बंड्या_दादर: प्रायव्हेटला जाणार असाल तर नीट बघून. आमच्या चुलतभावाला एका ठिकाणी दारू सोडवायला आलेल्यांबरोबर एकाच हॉलमध्ये कोंबलं होतं, वर तीन महिने भेटायचं नाही म्हणे! असं कोणी म्हटलं की सरळ उठून या. कायद्याखालचं रजिस्ट्रेशन दाखवा म्हणायचं, सायकियाट्रिस्ट आठवड्यातून किती वेळा येतो विचारायचं, आणि संडास बघायचे, ऑफिसातल्या एसीवर जाऊ नका.

केसपेपर: +१, संडासावरून सगळं कळतं.

मावशी_मुलुंड: आईंचं काय पण? त्यांना कोणीतरी बोलायला हवं. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे घरच्यांच्या ग्रुपबद्दल चौकशी करा. माझ्या मुलाच्या वेळी मला औषधांइतकाच अशा ग्रुपचा आधार झाला, कारण तिथे कोणी 'लग्न लावून द्या, बरा होईल' म्हणत नाही. रात्री-बेरात्री टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे. आणि भाऊ स्थिर झाला की यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरलाय. सर्टिफिकेट ४०% किंवा त्याहून जास्त आलं तर सवलती, इन्कम टॅक्समध्येही.

लालबागकर: खूप आभार सगळ्यांचे. उद्या केईएमला एकटाच जाऊन येतो. एक राहिलं, ते नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे पेशंटच्या वतीने अर्ज करणारा, उपचारांचं बघणारा माणूस म्हणतात, त्यात आईचं नाव घालू की माझं?

सायली_ठाणे: ते तुम्ही नाही, भावाने ठरवायचं. बरा असताना साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. आत्ता त्याने कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक म्हणून तुम्ही चालता, आईंना कशाला धावपळ.