साध्या मोबाइल वापरकर्त्यांना आपण काय म्हणावे?

प्रश्न (दादर): फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्रॅम) उघडून फोनमध्ये कस्टम रॉम (कंपनीच्या मूळ प्रणालीऐवजी इतरांनी बनवलेली प्रणाली) बसवणारी मंडळी आमच्या गटात बरीच आहेत. यातले काहीही न करणाऱ्यांना तिथे सर्रास 'अडाणी' म्हटले जाते, ते मला खटकते. नेमका, तरीही अपमानकारक नसलेला शब्द कोणता?

उत्तर १ (मुलुंड): 'सर्वसामान्य वापरकर्ता' पुरेसे आहे.

उत्तर २ (गिरगाव): त्यांना सामान्य म्हटले की आपण आपोआप असामान्य ठरतो, आणि खरी मेख तिथेच आहे. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून क्यूआर कोडवर दिवसभर पैसे घेणारी फूलवाली आपला फोन माझ्यापेक्षा अधिक गांभीर्याने वापरते. उलट बूटलोडर उघडलेल्या फोनवर बँकांची काही अ‍ॅप सुरक्षेच्या कारणास्तव चालायलाच नकार देतात. व्यवहारात अडाणी कोण, हे मग ज्याने त्याने ठरवावे! माझ्या मते माणसाच्या बुद्धीऐवजी फोनच्या स्थितीला नाव द्यावे, म्हणजे 'फोन जसा मिळाला तसा वापरणारे'.

उत्तर ३ (बोरिवली): कल्पना पटली, पण नाव लांबलचक आहे. 'मूळ प्रणालीवाले' म्हटले, तर मदत करणाऱ्यालाही उपयोगाची माहिती मिळते, कारण कंपनीचे अपडेट त्यांच्या फोनवर थेट येतात, तर रॉम बदललेल्या फोनवर ते तसे येत नाहीत.

प्रश्नकर्ता (दादर): हेच नाव गटाच्या नियमावलीत सुचवतो.