ब्लूटूथवालं कानाचं मशीन कोणी वापरतं का?

सी-५०४ : नमस्कार सगळ्यांना, सोसायटीच्या मेंटेनन्सचा विषय नाहीये पण विचारते. सासऱ्यांना डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलंय. सेंटरवर गेलो तर पाचसहा मॉडेल समोर ठेवली आणि प्रत्येकाचं कौतुक एकच, ब्लूटूथ आहे, ॲप आहे, चार्जिंगचं आहे. बाबा म्हणतात मला फोनबिन काही जोडायचं नाही, समोरचा काय बोलतो ते कळलं की झालं. तर हे ब्लूटूथ खरंच कामाचं आहे का नुसतीच भर? जे रोज वापरतात त्यांनी सांगा प्लीज 🙏

ए-१०२ : वहिनी मी वापरतो, दोन्ही कानांत. निवांत लिहितो जेवण झाल्यावर

बी-३०१ : आईसाठी घेतलंय आम्ही. काका लिहितीलच पण त्याआधी एक सांगा, बाबांचा फोन कुठला आहे?

सी-५०४ : अँड्रॉइड आहे, जुना आहे जरा. का?

बी-३०१ : कारण सगळं तिथेच अडतं. सगळी मशीन सगळ्या फोनना सारखी जोडली जात नाहीत. आयफोनचा स्वतःचा वेगळा प्रकार आहे, ‘मेड फॉर आयफोन’, तो २०१३-१४ पासून चालू आहे. अँड्रॉइडने आशा नावाची पद्धत आणली ती अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९, पण ती प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक फोनमध्ये नाही. काही मशीन साध्या ब्लूटूथवरच चालतात, इअरफोनला असतं तेच, ती कुठल्याही फोनला जोडली जातात, अगदी बटणांच्या साध्या फोनला पण, फक्त त्यात ब्लूटूथ हवं. आणि आता एलई ऑडिओ म्हणून ब्लूटूथचाच नवीन प्रकार आलाय, त्याचं स्टँडर्ड २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यात बॅटरी कमी खर्च होते आणि आवाज चांगला, पण मशीन आणि फोन दोघांतही ते पाहिजे. फोनच्या डब्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ लिहिलेलं असलं म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही हां. म्हणून सेंटरवर बाबांचाच फोन घेऊन जा आणि त्यांच्यासमोर जोडून कॉल करून बघा. त्यांच्या डेमो फोनवर जोडून दाखवलं तर त्याला काही अर्थ नाही.

सी-५०४ : अरे बापरे, हे कोणीच सांगितलं नाही आम्हाला. त्यांनी स्वतःच्याच फोनवर दाखवलं होतं

ए-१०२ : हां आता लिहितो.
पहिली गोष्ट, तुमचे सासरे बरोबर बोलतायत. समोरचा काय बोलतो ते कळणं हे मशीन त्यांच्या कानाप्रमाणे सेट केलंय का यावर आणि कानात बसणारा रबरी भाग नीट बसलाय का यावर, ब्लूटूथचा त्याच्याशी संबंध नाही. ब्लूटूथ फोन, टीव्ही किंवा बाहेरच्या माईकचा आवाज सरळ मशीनमध्ये आणतं, एवढंच त्याचं काम.
पण माझ्यापुरतं सांगायचं तर त्या एवढ्याशा कामानेच सगळ्यात जास्त फरक पडला. मी फोनवर बोलणं जवळजवळ सोडून दिलं होतं. समोर माणूस असला की ओठ दिसतात, चेहरा दिसतो, निम्मं त्यावरून कळतं, फोनवर ते काहीच नाही आणि साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा पट्टाच अरुंद, पूर्वीपासून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच यायचा, त्यात माझे नेमके उंच सूर गेलेले, म्हणजे स, श, फ, थ हे सगळे एकसारखेच. फोन मशीनजवळ धरला की शिट्टी वाजायची ती वेगळी. मग फोन आला की मी हिच्या हातात द्यायचो आणि ही मला सांगायची समोरचा काय म्हणतोय. स्वतःच्या मुलीशी असं मधे माणूस ठेवून बोलणं किती जड जातं ते ज्याचं त्यालाच माहीत.
आता रिंग कानातच वाजते, मशीनवरचं छोटं बटण दाबलं की कॉल उचलला जातो आणि आवाज दोन्ही कानांत एकदम येतो, तोही माझ्या ऑडिओग्रामप्रमाणे (कानाच्या तपासणीचा आलेख), म्हणजे जिथे कान कमी आहेत तिथे जास्त उचललेला. दोन्ही कानांत येतो ही फार मोठी गोष्ट आहे, एका कानाने निसटलं ते दुसऱ्याने पकडलं जातं. मुलगी परवा फोनवर हळू आवाजात काहीतरी तिच्या मुलाला म्हणाली, माझ्यासाठी नव्हतंच ते, आणि मला ते ऐकू आलं. हे लिहितानासुद्धा बरं वाटतंय.

ए-४०३ : भावजी किती छान लिहिलंत. माझं पण अगदी असंच आहे ❤️

ए-४०३ : टीव्हीचं मी सांगते. आमच्याकडे रोज आवाजावरून वाद, मला वाढवून हवा, ह्यांचं डोकं दुखायचं. आता टीव्हीला एक छोटी डबी जोडलीये, मशीनच्याच कंपनीची, ती टीव्हीचा आवाज थेट माझ्या कानात पाठवते. टीव्ही ह्यांच्या आवाजात चालतो आणि मी माझा माझा वाढवते. वरताण म्हणजे ह्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला तरी मला येतो. फक्त एक बघा, ती डबी मशीनच्याच कंपनीची घ्या. आमच्या भाच्याने बाहेरून कसलातरी ट्रान्समीटर आणून दिला होता त्यात ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे, मला तर ओठ बघायची सवय, गरगरायला लागायचं.

बी-३०१ : हो काकू तो लॅग, म्हणजे आवाज मागून येणं, साध्या ब्लूटूथचा असतो

ए-४०३ : आणि टीव्ही कानात चालू असताना बाहेरचं किती ऐकू यावं ते ॲपमध्ये ठरवता येतं. बाहेरचं पूर्ण बंद करू नका, दाराची बेल ऐकू येत नाही, कोणी हाक मारली तरी कळत नाही.

सी-५०४ : काकू पण मेसेज आला, व्हिडिओ आला की ते पण कानातच वाजतं का? बाबा दचकतील

ए-४०३ : वाजतं तर! फोन आतल्या खोलीत आणि माझ्या कानात टिंग टिंग. नातवाने सेटिंग बदलून दिलं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ऐकण्याच्या उपकरणांचं एक पान असतं, तिथे कॉल कानात, बाकीचे आवाज फोनवर असं करता येतं. सगळ्या फोनवर मिळेल असं नाही पण शोधा

बी-११०४ : एक शंका, एवढं सगळं करण्यापेक्षा ॲपलचे इअरबड, एअरपॉड्स का नाही घ्यायचे? त्यात हिअरिंग एडचं फीचर आलंय ना आता

बी-३०१ : आलंय. एअरपॉड्स प्रो २ मधल्या त्या फीचरला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. पण ते १८ वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आहे, आणि आयफोन किंवा आयपॅड हवा सेटिंगला. दिवसभर चार्ज पण पुरत नाही.

ए-१०२ : शिवाय कानात ते दिसलं की लोकांना वाटतं हा गाणी ऐकतोय, मग बोलतच नाहीत तुमच्याशी. ज्यांना फक्त मीटिंगमध्ये किंवा गर्दीत थोडा आधार हवाय त्यांना सुरुवात म्हणून ठीक आहे, माझ्यासारख्याला सकाळपासून रात्रीपर्यंत ते पुरणार नाही.

डी-२०२ : ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारी) म्हणून मधे बोलते. वहिनी, बाबांचं ऐकणं हळूहळू कमी झालंय की अचानक? आणि दोन्ही कानांत सारखं आहे का?

सी-५०४ : हळूहळूच, बरीच वर्षं झाली. दोन्ही सारखेच साधारण

डी-२०२ : मग ठीक. विचारलं कारण एका कानाचं ऐकणं अचानक एकदोन दिवसांत गेलं तर ती इमर्जन्सी असते, लगेच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जायचं, मशीन बघत बसायचं नाही. ग्रुपवर सगळ्यांनीच हे लक्षात ठेवा, लोक मळ असेल म्हणून आठवडे घालवतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.
आता मशीनचं. सेटिंग करताना कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्यापर्यंत खरंच किती पोचतोय ते मोजतात, रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. सेंटरला विचारा करता का. करत नसतील तर दुसरं सेंटर बघा, हे मी स्पष्टच सांगते, कारण कॉम्प्युटरने अंदाजाने लावलेलं सेटिंग आणि प्रत्यक्ष कानात पोचणारा आवाज यात फरक पडतो, प्रत्येकाची कानाची नळी वेगळी.

सी-५०४ : ताई थँक्यू 🙏 हे लिहून घेते

डी-२०२ : अजून एक. रबरी टोक, डोम म्हणतो आम्ही, उघडा म्हणजे भोकांचा असेल तर स्वतःचा आवाज नैसर्गिक वाटतो पण स्ट्रीमिंगमधला खालचा सूर बाहेर निसटतो, गाणी पत्र्यासारखी येतात. बंद डोमने ते भरतं पण मग स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. काय घालायचं ते बाबांच्या ऑडिओग्रामवर ठरतं, फोनसाठी म्हणून उगाच बंद डोम मागू नका.

बी-७०३ : चार्जिंगचं घ्यावं की सेलचं? आमच्या आत्याला चार्जिंगचं दिलंय तर ती लावायलाच विसरते 😅

ए-१०२ : रात्री डबीत ठेवायची सवय लागली की चार्जिंगचं सोपं. बोटं थरथरतात किंवा नजर कमी आहे त्यांना तर तेच बरं, कारण ते सेल इवलेसे असतात, ३१२ नंबरचा तपकिरी स्टिकरवाला, १३ चा नारिंगी. पण चार्जिंगवाल्याची बॅटरी काही वर्षांनी उतरते आणि ती घरी बदलता येत नाही, घेतानाच विचारून ठेवा. सेलवालं असेल तर स्टिकर काढल्यावर लगेच दार बंद करू नका, हवेवर चालणारे सेल ते, चारपाच मिनिटं उघडे ठेवले की नीट जागे होतात. आणि स्ट्रीमिंग केलं की दोन्हींत बॅटरी लवकर जाते, दिवसभर कानात रेडिओ लावून बसलं तर संध्याकाळी ऐन गप्पांच्या वेळी मशीन बंद.

बी-३०१ : रोजच्या कटकटी पण सांगतो, म्हणजे नंतर वाटायला नको मशीन खराब निघालं. फोनला अपडेट आला की कधीकधी एक कान जोडलेला आणि एक नाही. ब्लूटूथमधून दोन्ही फर्गेट करायचे, मशीन बंद करून चालू करायचं आणि लगेच जोडायचं, चालू केल्यावर थोडी मिनिटंच ते नव्या जोडणीसाठी उघडं असतं. आईचा कॉल तुटक यायचा, नंतर कळलं फोन कमरेच्या पिशवीत मागच्या बाजूला असायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, फोन पुढे धरला की साफ येतं. आणि जुना कॉर्डलेस फोन काय, टॅब काय, मशीन घरात दोन ठिकाणी जोडलेलं असलं की कॉल भलतीकडेच जातो, एकालाच जोडून ठेवा सुरुवातीला.

ए-४०३ : आवाज एकदम कमी आला की आधी मळाची जाळी बघा! ब्लूटूथ गेलं, मशीन गेलं असं वाटतं आणि असतं एवढंसं. तार कानात जाते तिच्या टोकाला पांढरी टाचणीच्या डोक्याएवढी जाळी असते. काडी मिळते सोबत, एका टोकाने जुनी ओढून काढायची, काडी फिरवून दुसऱ्या टोकाची नवी दाबून बसवायची. मी खिडकीपाशी उजेडात पांढरा रुमाल पसरून करते, खाली पडली तर सापडत नाही. पाण्याने धुवायचं नाही काहीही.

सी-५०४ : मग बाबांना आल्या आल्या ॲप शिकवू का? ते वैतागतील असं वाटतंय

ए-१०२ : नका शिकवू. पहिले काही आठवडे नुसतं मशीन घालू दे, रोज, दिवसभर. इतकी वर्षं न ऐकलेलं सगळं एकदम येतं, नळाचं पाणी, कागदाची चुरचुर, भांडी तर डोक्यातच आपटतात. मेंदूला त्यातलं काय महत्त्वाचं ते परत शिकायला वेळ लागतो. मग फक्त कॉल. ॲप शेवटी.
आणि एक मनापासून सांगतो वहिनी, ॲप बाबांच्याच फोनवर ठेवा. घरातलं दुसरं कोणी त्यांचा आवाज आपल्या फोनवरून कमीजास्त करणार असं करू नका. कान त्यांचे आहेत. मदत मागितली तर करा.
बोलताना तुम्ही मात्र समोर या, चेहऱ्यावर उजेड असू दे, आधी हाक मारा मग बोला. स्वयंपाकघरातून ओरडून विचारलेलं मशीन लावूनही कळत नाही. ब्लूटूथ तर तिथे काहीच करत नाही.

डी-२०२ : 👍 अगदी बरोबर. आणि ओरडू नका, ओरडलं की शब्द फुटतात. सावकाश, नेहमीच्या आवाजात.

बी-३०१ : काका तुम्ही तो माईक वापरता ना, शर्टला लावायचा? त्याबद्दल पण सांगा

ए-१०२ : हो. गर्दीत मशीनचे माईक कितीही हुशार असले तरी ते माझ्या कानापाशी आहेत, बोलणारा लांब आहे. छोटा माईक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला की त्याचा आवाज थेट माझ्याकडे. गाडीत मागच्या सीटवर बसतो तेव्हा हिला देतो, गोंगाटातही सगळं येतं.
आता विषय निघालाच आहे तर @सचिव, सोसायटीच्या सभेत मला मागे बसून काही कळत नाही, हॉल घुमतो. तुमच्यासमोर टेबलवर माझा माईक ठेवला तर चालेल का? आणि प्रश्न विचारणाऱ्याने पण माईक हातात घेऊनच बोलावं, जागेवरून नको.

ए-४०३ : मला पण काही कळत नाही सभेत. म्हणून मी येतच नाही हल्ली

सचिव : काका, काकू, हे आधी सांगायचंत ना. नक्की ठेवू. काकू तुम्ही पण या, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखून ठेवतो.

बी-३०१ : सचिव, हॉलची साउंड सिस्टीम बदलायचा विषय आहेच, तर कोटेशन मागवताना ऑराकास्ट विचारा. एलई ऑडिओमधलंच आहे, एक ट्रान्समीटर लावला की हॉलमध्ये ज्यांच्याकडे ते घेणारं मशीन किंवा इअरबड आहे ते सगळे एकाच वेळी ऐकू शकतात, प्रत्येकाला जोडत बसायला नको. आणि जुन्या मशीनसाठी टेलिकॉइलची लूप पण विचारा, जमिनीत तार फिरवतात ती, मशीनमधली टेलिकॉइल म्हणजे छोटी गुंडाळी तिचा आवाज पकडते.

डी-२०२ : लूपचं नक्की विचारा. काकूंच्या मशीनमध्ये टेलिकॉइल आहे का बघून देते मी, बऱ्याच चार्जिंगवाल्यांत जागेअभावी काढून टाकतात.

सचिव : दोन्ही लिहून घेतलं. कमिटीसमोर ठेवतो

सी-५०४ : काका, उद्या संध्याकाळी बाबांना घेऊन आले तर चालेल? तुमच्याशी बोलले तर त्यांना पटेल. ते स्वतःच म्हणाले आत्ता, एकशेदोनवाल्यांचं बघू कसं आहे

ए-१०२ : या की. सहानंतर घरीच आहे. त्यांचा फोन आणि ऑडिओग्रामचा कागद घेऊन या